अठरा हजारांचा बेस आणि सात हजार आठशेचं बिल

बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाशी थोडा वेळ बोला, विषय दुरुस्तीच्या बिलावर येतोच. सेटअपचे एवढे का, फ्रेट घासायचे एवढे का, पिकअप बदलल्याने आवाज खरंच सुधारतो का. ऑर्केस्ट्रावाले, कॉलेजच्या बँडमधली मुलं, रविवारी चर्चमध्ये वाजवणारी मंडळी, सगळ्यांकडून हे प्रश्न मी ऐकत आलो आहे. टेबलापलीकडे कानस घेऊन बसलेल्या माणसाची बाजू मात्र सहसा कुणी विचारत नाही. म्हणून दोन्ही बाजू समोरासमोर बसवल्या आहेत. संवाद मी रचलेला आहे. वादक ठाणे-कल्याणकडच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारी तिशीतली मुलगी, कारागीर मुंबईत आयुष्यभर गिटार दुरुस्त केलेला गृहस्थ. बिलातले आकडे या दोघांपुरते, दुकानागणिक ते वर-खाली होतील. त्यांच्यामागचा हिशेब मात्र सगळीकडे साधारण हाच असतो.

वादक : काका, बिल बघितलं. सेटअप १,५००, फ्रेट लेव्हलिंग ३,५००, जॅक ४००, तारा २,४००. एकूण ७,८०० रुपये. अहो, बेसच मी १८,००० ला घेतलाय. मला एका कार्यक्रमाचे २,००० मिळतात, तेही वेळेवर मिळाले तर. म्हणजे जवळजवळ चार कार्यक्रम नुसते या बिलासाठी वाजवायचे.

कारागीर : बस आधी. एकेक ओळ घेऊ. सगळ्यात जास्त कुठली खुपतेय?

वादक : सेटअपची. तुम्ही एक ॲलन की फिरवता, ब्रिजवरचे स्क्रू वर-खाली करता. नवा भाग एकही लागत नाही. मग दीड हजार कशाचे?

कारागीर : तुमच्याकडे तंबोरा आहे ना? तो मिरजेला गेला होता कधी?

वादक : आत्याचा आहे. जवारी लावायला नेला होता, मी होते बरोबर.

कारागीर : कारागिराने काय नवं बसवलं त्यात?

वादक : काही नाही. घोडी घासली, सूत सरकवून बघितलं, तार छेडली, कान लावला, परत घासली.

कारागीर : आणि आत्याने पैसे देताना विचारलं का, की नवा भाग न लावता हे कशाचे? नाही विचारलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते असल्याच कामाच्या जोरावर. हाताचं आणि कानाचं काम. तंबोऱ्याला ते आपण मान्य करतो. गिटारीला मात्र स्क्रू दिसतात, म्हणून वाटतं की यात काय मोठंसं.

वादक : पण काका, तुमचा दाखला मला पुरता पटत नाही. जवारी घरी लावता येणार नाही, हे आत्याला ठाऊक होतं. बेसचं तसं नाही. हे वाद्य काढलंच मुळी दुरुस्तीवाल्याने. लिओ फेंडरचं कॅलिफोर्नियात, फुलर्टनला, १९३८ पासून रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५१ साली त्याने प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा नेक बॉडीला सरसाने चिकटवली नाही, चार स्क्रूंनी आवळली. बिघडली तर काढा, दुसरी लावा. ज्याला स्क्रूड्रायव्हर धरता येतो त्याने खोलावं, असंच बनवलंय हे वाद्य. मग मी तुमच्याकडे का यायचं?

कारागीर : हे बोललीस ते खरं आहे. आता पुढचं ऐक. त्याच प्रिसिजन बेसच्या नेकमधली सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरवायचा नट नेकच्या बॉडीकडच्या टोकाला होता. थोडं फिरवायचं तर तारा सैल करा, नेक सोडवा, फिरवा, परत आवळा, तारा चढवा, सुरात आणा, बघा. जमलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. खोलता येतं म्हणजे काम सोपं झालं असं नाही. इकडे ये, तुझाच बेस दाखवतो.

त्याने बेस मांडीवर घेतला, सुरात आणला. सगळ्यात जाड तार डाव्या हाताने पहिल्या फ्रेटवर दाबली, उजव्या हाताच्या कोपराने शेवटच्या फ्रेटजवळ. ताणलेली तार आता पट्टीसारखी सरळ. मोकळ्या राहिलेल्या बोटांनी त्याने आठव्या फ्रेटच्या आणि तारेच्या मधे पातळ पत्र्याची पट्टी सरकवली. तिथे ०.३ मिलिमीटरच्या आसपास फट हवी. पट्टी न अडकता सहज आत गेली, दुसरी जाड पट्टी घातली, तीही गेली.

कारागीर : बघ, पाऊण मिलिमीटरची पट्टी आत जातेय. चार तारा मिळून पाऊणशे-ऐंशी किलोंनी ही नेक पुढे ओढत असतात. आतली सळई तिला मागे धरून ठेवते. पावसाळ्यात लाकूड ओल पितं आणि नेक हलते. कुठल्या बाजूला हलेल ते त्या त्या लाकडावर. तू गडकरी रंगायतनच्या एसीतून बाहेर पडतेस, टेम्पोत मागे बेस टाकतेस, पहाटे नाशिकला उतरतेस. नागपूरचं कुणी उन्हाळ्यात बेस घेऊन आलं तर फ्रेटची टोकं बाजूने बाहेर आलेली असतात, बोटाला टोचतात. लाकूड आकसतं, धातू आकसत नाही. आता नट पाव फेरा फिरवतो. घड्याळाच्या दिशेने. बास. परत सुरात आणायचं, परत मोजायचं. जास्त घाई केली आणि नटाचा आतला षटकोन झिजला, तर किल्ली पकडच घेत नाही. त्याच्या पलीकडे जाऊन सळईच तुटली, तर फिंगरबोर्ड उखडावा लागतो. अठरा हजारांच्या बेसला ते परवडत नाही, बेस टाकून द्यावा लागतो.

वादक : हे झालं नेकचं. मग?

कारागीर : मग बाराव्या फ्रेटवर तारेची उंची. जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या जरा आत, बारीक तारेखाली दोन. तू जोरात वाजवतेस, तुला मी थोडी जास्तच ठेवीन. मग नेकच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या, म्हणजे दुसऱ्या नटच्या, तारा बसतात त्या खाचा. मग इंटोनेशन : बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक घ्यायचा, तीच तार तिथेच दाबून वाजवायची, दोन्ही स्वर एक यायला हवेत. नाही आले तर ब्रिजवरचं तारेचं टेकण, म्हणजे सॅडल, मागे-पुढे. एक सरकवलं की दुसरं बदलतं, म्हणून सगळं दोनदा. आणि नेक एक रात्र तशीच ठेवायची, सकाळी परत मोजायची, कारण लाकूड लगेच बसत नाही. दीड हजार त्याचे.

इथपर्यंत मी कारागिराच्या बाजूचा आहे. सेटअप ही चैन आहे असं समजणारे वादक मी पुष्कळ पाहिले. बोटं दुखतात, स्वर वरच्या फ्रेटवर बेसुरा येतो आणि ते स्वतःच्या हाताला दोष देत बसतात. स्वस्त बेसला तर सेटअपची गरज जास्त असते, कारण कारखान्यातून निघताना त्याच्यावर कुणी वेळ घालवलेला नसतो. पण वादकाचा पुढचा प्रश्न तितकाच रास्त होता.

वादक : म्हणजे मोसम बदलला की दर वेळी तुम्हाला दीड हजार द्यायचे?

कारागीर : अजिबात नाही. आज बसून शिकून घे. पाव फेरा, त्याच्यापुढे नाही, आणि परत सुरात आणून बघायचं. सॅडलची उंची, इंटोनेशन, हे तुला घरी जमेल. इंटोनेशनला फोनवरचा ट्यूनर चालतो. एकदा कुणी नीट सेटअप करून दिला की त्याची मापं वहीत लिहून ठेव. वर्षात दोनदा बेस हलला तर तू तो त्या मापांवर परत आणायचा. माझ्याकडे यायचं ते नटच्या खाचा कापायला, फ्रेटला, सोल्डरला, नाहीतर मापं जुळूनही तार फ्रेटला लागून बझ येत असेल तेव्हा.

वादक : हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?

कारागीर : कुणी विचारत नाही. बेस ठेवतात, फोन कधी करू विचारतात, जातात.

वादक : बरं, आता दुसरी ओळ. फ्रेट लेव्हलिंग ३,५००. फ्रेट घासले की नेकची, सॅडलची, सगळी मापं परत जुळवावीच लागतात ना?

कारागीर : लागतात.

वादक : म्हणजे लेव्हलिंगच्या पोटात सेटअप आलाच. मग वरचे दीड हजार वेगळे कशाला लावलेत?

या प्रश्नावर कारागीर थोडा वेळ बिलाकडे बघत राहिला. हा प्रश्न प्रत्येक वादकाने विचारला पाहिजे. दोन कामं एकातच होत असताना दोन ओळी लावायची सवय या धंद्यात आहे, आणि ती दरवेळी लबाडीने लागते असंही नाही. दरपत्रकात कामं सुटी सुटी लिहिलेली असतात, बिल करताना तशीच उतरतात.

कारागीर : बरोबर आहे तुझं. दीड हजार काढून टाकतो. पण साडेतीन हजारांत रुपयाही कमी करणार नाही. का ते ऐक.

वादक : सांगा.

कारागीर : तारा काढायच्या, सळईने नेक अगदी सपाट करायची. प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर काळ्या मार्करची रेघ मारायची. मग सरळ दांडीला सँडपेपर लावून सगळ्या फ्रेटवरून हलक्या हाताने फिरवायची. जो फ्रेट उंच, त्याची शाई आधी जाते. जिथे शाई तशीच, तो फ्रेट खोल. शेवटच्या फ्रेटवरची शाई थोडीशी हलली की थांबायचं. मग सपाट झालेला माथा गोल कानसेने परत गोल करायचा, एकेक करून वीस-एकवीस फ्रेट. मग बारीक, आणखी बारीक कागद, पॉलिश. पाच-सहा तास जातात. आणि फ्रेटची उंची असते जेमतेम सव्वा मिलिमीटर. जास्त घासलं तर धातू परत येत नाही. दोन-तीन लेव्हलिंगनंतर फ्रेट बदलायलाच लागतात, त्याचा खर्च याच्या तिप्पट धर. इथे माझा हात चुकला तर नुकसान तुझं.

वादक : मग एवढा खर्च करण्यापेक्षा फ्रेटच काढून टाकले तर? बेसवादक जाको पास्टोरियसचा बेस फ्रेटलेसच होता.

कारागीर : होता. १९६२ चा जॅझ बेस. पण त्याच्या फिंगरबोर्डवर बोटींना लावतात तसल्या इपॉक्सीचा थर होता, माहितीये ना? तो राउंडवाउंड, म्हणजे गोल तारेच्या गुंडाळीच्या, तारा वाजवायचा आणि त्या तारा रोजवुडला करवतीसारख्या खातात. फ्रेट उपटायचे, खाचा भरायच्या, वर कडक थर चढवायचा, तो सपाट करायचा. लेव्हलिंगपेक्षा जास्तच पैसे जातील. शिवाय तू गायकांच्या मागे वाजवतेस. पंचमदांचं गाणं चालू असताना मंचावर अंधार झाला, तर फ्रेटलेसवर तुझा षड्ज जागेवर राहील?

वादक : आज नाही राहणार.

कारागीर : मग आज नको. आणि फ्रेट काढलेला बेस विकताना गिऱ्हाईक निम्म्याहून कमी होतं, हेही लक्षात ठेव. बॉडीला भोक पाडायचं कुठलंही मॉडिफिकेशन तसंच. स्क्रूने निघेल आणि स्क्रूने परत बसेल तेवढंच बदलावं, आणि जुने भाग पिशवीत घालून केसमध्ये ठेवावेत.

वादक : मी तर पिकअप बदलायचं ठरवून आले होते. ९,००० चा सेट बघून ठेवलाय. मंडपात वाजवताना इतकी गुणगुण येते की माझ्याकडे बघतात लोक.

कारागीर : घरी येते?

वादक : थोडी. तारांना हात लावला की जवळजवळ जाते.

कारागीर : दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की?

वादक : तेव्हाही कमी होते.

कारागीर : मग पिकअप ठीक आहेत. तुझा जॅझ पद्धतीचा बेस आहे, दोन सिंगल कॉइल. दोन्ही सारखे उघडले की एकाची गुणगुण दुसरा बरीचशी खोडतो. नऊ हजारांचे सिंगल कॉइल लावलेस तरी एकट्या पिकअपवर ती येणारच. आतल्या पोकळीला तांब्याची टेप चिकटवून तिला अर्थिंग जोडलं तर फरक पडेल. पाचशे-सहाशेची टेप आणि तासाभराचं काम. आता सांग, माइकला ओठ लागल्यावर कधी झटका बसलाय?

वादक : एकदा. गेल्या गणपतीत.

कारागीर : मग ही बेसची तक्रार नाही, मंडपाच्या विजेची आहे. लाइन जनरेटरवर असते, अर्थिंगची सळई कुणी जमिनीत ठोकलेली नसते. तारा हातात आणि ओठ माइकला, म्हणजे विजेला तुझ्यातून वाट मिळते. हे जिवावर बेतू शकतं. पुढच्या वेळी मंडपवाल्याने अर्थिंग करून दाखवल्याशिवाय केबल लावू नकोस, कार्यक्रम थांबला तरी चालेल. माझं बिल राहू दे बाजूला, हे आधी कर.

वादक : करते. पण पिकअपने आवाज सुधारत नाही असं म्हणू नका. माझ्या मित्राचा बेस बदलून गेला.

कारागीर : सुधारतो ना. पण कुठल्या क्रमाने? आधी सेटअप, मग तारा, मग पिकअपची उंची, त्याला पैसे पडत नाहीत, स्क्रूड्रायव्हरने दोन मिनिटांत होतं. मग ॲम्प. एवढं करूनही मनातला आवाज येत नसेल तर पिकअप. तुझ्या मित्राने पिकअप बसवताना तारा नव्या चढवल्या असतील, सेटअपही करून घेतला असेल. फरक कशाचा, हे त्याला तरी ठाऊक आहे का?

वादकाला हे पुरतं पटलं नाही, आणि तिचं न पटणंही समजण्यासारखं आहे. चांगल्या पिकअपचा आवाज ऐकलेल्या माणसाला तो विसरता येत नाही. पण अठरा हजारांच्या बेसला नऊ हजारांचे पिकअप, आणि फ्रेट मात्र तसेच खडबडीत, हा खर्च उलटा आहे असं मला ठामपणे वाटतं. बझ येणारा बेस कितीही चांगल्या पिकअपमधून ऐकला तरी त्यातून बझच ऐकू येते.

वादक : राहिल्या तारा. २,४००. अमेरिकेच्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन तारा बदलतच नव्हता म्हणतात. मोटाउनची गाणी त्याच जुन्या तारांवर वाजली.

कारागीर : त्या फ्लॅटवाउंड होत्या. वरून सपाट पट्टीची गुंडाळी, मळ बसला तर आवाज आणखी गोल होतो, आणि त्याला तोच हवा होता. तुला लावणी वाजवायची, डिस्को वाजवायचा, अंगठ्याने स्लॅप करायचं. त्याला राउंडवाउंडची चमक लागते, आणि ती घामाने मरते. तुझ्या तारा दोन मोसम जुन्या आहेत.

वादक : मी त्या पाण्यात उकळते. चमक येते परत.

कारागीर : येते. गुंडाळीतला मळ निघतो. पण आठवड्याभरात ती जाते, आणि फ्रेटवर घासून तारेला पडलेले खड्डे उकळून भरत नाहीत. त्यामुळेच तर तुझं इंटोनेशन लागत नाहीये. तारा तू बाहेरून आण हवं तर, मला वाईट वाटणार नाही. फक्त जाडी हीच ठेव. पातळ किंवा जाड आणल्यास तर ओढ बदलेल, नेक बदलेल, आणि सेटअप परत.

वादक : तुमच्याकडचीच घेते. आता एक शेवटचं. तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही, पद्धतीबद्दल आहे. चार दिवस सांगितलंत, पंधरा दिवस झाले तरी काम व्हायचंच आहे. मधे मी दुसऱ्याचा बेस मागून वाजवला. आणि किती होतील ते आज बिल हातात आल्यावर कळलं. हातावर पोट असलेल्या माणसाला तीन हजार होतील की आठ, हे आधी कळायला नको?

कारागीर : हवं. बेस घेताना मी तुला सगळं मोजून दाखवायला हवं होतं, कागदावर आकडा लिहून द्यायला हवा होता. आणि गणपतीच्या आधीच्या महिन्यात सगळा ठाणे जिल्हा गिटारी आणून टाकतो, त्या वेळी चार दिवस म्हणायलाच नको होतं.

वादक : मग आता किती?

कारागीर : लेव्हलिंग ३,५००, जॅक ४००, तारा २,४००. ६,३०० झाले. टेप लावायची तर सहाशे वर, मजुरी नाही.

वादक : लावा. तीन हजार आज देते, उरलेले दोन कार्यक्रमांनंतर.

बिल दीड हजारांनी उतरलं ते घासाघीस करून नाही, काय काय करायचं आहे ते विचारल्यामुळे. फ्रेटच्या कामात वादकाने एक पैसा कमी करू नये असं माझं मत आहे. आणि अंदाजपत्रक लिहून न देता कारागिराने बेस ठेवून घेऊ नये, हेही तितकंच. नवा बेस घ्यायला निघालेल्या वाचकाला माझी विनंती आहे : हातात १८,००० असतील तर १६,००० चा बेस घ्या आणि उरलेल्या दोन हजारांत पहिल्याच आठवड्यात सेटअप करून त्याची मापं वहीत लिहून घ्या.